दुकान कुणाचे, देह कुणाचा?



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात एक बैठक झाली. विषय चांगला होता. समाजाच्या पैशातून किराणा, कपडे, वह्या-पुस्तके, फोटो-फ्रेम असे सगळे विकणारी दुकाने काढायची. आधी एक, मग तीन, मग जिल्हाभर. चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण केवढी खरेदी करतो आणि नफा कुणाच्या गल्ल्यात जातो, ही खंत खोटी नाही. मीही पाच हजारांचा भाग घ्यायचे कबूल करून बसले होते. मग नियमावलीचा मसुदा वाचला गेला. कलम सात असे : "कर्मचारी बावीस प्रतिज्ञांचे पालन करणारा असावा. त्याच्या किंवा तिच्या घरात देवदेवता, उपवास, नवस आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल."

मी विचारले, घरात आढळल्यास म्हणजे? घरात जाऊन कोण बघणार?

मसुदा लिहिणारा मुलगा हुशार आहे, इंजिनिअर आहे, वर्गणी सगळ्यांत जास्त त्याचीच. तो म्हणाला, "ताई, मालकी धम्माची असेल तर दुकानपण धम्मानेच चाललं पाहिजे. अमेरिकेत हॉबी लॉबी आहे बघा. मालक कट्टर ख्रिश्चन. सरकारला कोर्टात हरवलं त्याने, पण तत्त्व सोडलं नाही. आपल्याला असा बाणा पाहिजे."

टाळ्या पडल्या. मी गप्प बसले, कारण हॉबी लॉबीबद्दल मला तेव्हा वरवरचेच माहीत होते. घरी येऊन वाचत गेले. आता गप्प बसणार नाही.

हॉबी लॉबी म्हणजे हस्तकलेचे साहित्य, फ्रेम, कृत्रिम फुले, लोकर, नाताळची सजावट विकणारी दुकानांची साखळी. डेव्हिड ग्रीन या माणसाने १९७० मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून घरातच छोट्या फ्रेम बनवायला सुरुवात केली आणि १९७२ मध्ये ओक्लाहोमा सिटीत पहिले दुकान टाकले. आज दुकाने हजाराच्या आसपास आहेत आणि ग्रीन अब्जाधीश आहेत. कंपनी शेअर बाजारात नाही, कुटुंबाच्या हातात आहे. बायबलच्या तत्त्वांप्रमाणे धंदा चालवून प्रभूचा गौरव करणे हा कंपनीचा जाहीर उद्देश. रविवारी सगळी दुकाने बंद.

आता तो गाजलेला खटला. आपल्याकडे तांबी बसवायची तर बाई सरकारी दवाखान्यात जाते, पैसे लागत नाहीत. अमेरिकेत कोट्यवधी लोकांचा आरोग्यविमा नोकरीतून येतो. मालक विमा काढतो, काही हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जातो. म्हणजे विमा हा मालकाने दिलेला प्रसाद नाही, तो कामगाराच्या मोबदल्याचाच भाग आहे. २०१० मध्ये ओबामांच्या काळात आरोग्य कायदा झाला आणि त्याखालच्या नियमांनी सांगितले की नोकरीतल्या विम्यात स्त्रियांना मान्यताप्राप्त गर्भनिरोधके वेगळे पैसे न घेता मिळाली पाहिजेत. अशा वीस पद्धती होत्या. हॉबी लॉबीने त्यातल्या चारांना हरकत घेतली : दोन प्रकारची तांबी आणि संबंधांनंतर घ्यायच्या दोन गोळ्या. त्यांचे म्हणणे, यांनी फलित बीज गर्भाशयात रुजत नाही, म्हणजे हा गर्भपातच, आणि तो आमच्या धर्मात पाप. वैद्यकशास्त्र गर्भधारणा बीज रुजल्यानंतर धरते, आणि त्या गोळ्यांचे मुख्य काम बीज बाहेरच पडू न देणे हे आहे. पण कोर्ट त्या वादात शिरलेच नाही. श्रद्धा प्रामाणिक आहे एवढे पुरे, ती बरोबर की चूक हे आम्ही ठरवणार नाही, अशी भूमिका.

कायदा मोडला तर कंपनीला दिवसाला सुमारे १३ लाख डॉलर दंड बसला असता, वर्षाला साडेसत्तेचाळीस कोटी. सप्टेंबर २०१२ मध्ये दावा दाखल झाला आणि ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. निकाल न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिला. बाजूने मत देणारे पाचही पुरुष. त्या न्यायालयात तेव्हा तीन स्त्रिया होत्या. तिघीही विरोधात, त्यांच्याबरोबर न्यायमूर्ती ब्रेयर. तेव्हा कंपनीत १३ हजारांहून जास्त लोक कामाला होते. त्यांच्यापैकी कुणाचा धर्म कोणता, हे कुणी विचारले नाही. धर्म होता तो एकट्या मालकाचा.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे विरोधी मत आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात वाचले पाहिजे. त्यांनी एक साधा हिशेब मांडला : किमान वेतनावर काम करणाऱ्या बाईला तांबीचा खर्च जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढा पडतो. मी वस्त्यांत काम करते म्हणून मला हा हिशेब लगेच कळतो. जिच्या हातात महिन्याचा पगार पूर्ण पडत नाही, तिच्यासाठी "स्वतःच्या पैशाने घे" याचा अर्थ "घेऊ नको" असाच होतो.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कुणीतरी म्हणेल ताईंनी लपवले. न्यायालय म्हणाले होते की धर्मादाय संस्थांसाठी सरकारने एक वाट आधीच काढली आहे, मालकाने हरकत नोंदवायची आणि विमा कंपनीने परस्पर खर्च करायचा. तीच वाट या कंपन्यांनाही देता येईल. २०१५ मध्ये सरकारने ती दिली. पण पुढे ट्रम्प सरकारने सवलतच इतकी रुंद केली की धर्माचे किंवा नैतिकतेचे कारण सांगून मालकाला पूर्ण बाहेर पडता येऊ लागले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियमही उचलून धरले. चार पद्धतींपासून सुरू झालेली गोष्ट सहा वर्षांत कुठे गेली पाहा. गिन्सबर्ग यांनी २०१४ मध्येच विचारले होते : उद्या रक्त चढवण्याला, लसीला, मानसिक आजाराच्या औषधाला कुणाचा धर्म आडवा आला तर? २०२२ मध्ये टेक्सासच्या एका संघराज्य न्यायाधीशाने ख्रिस्ती मालकाच्या एका कंपनीच्या बाजूने निकाल दिला. एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या गोळ्यांचा खर्च विम्यात देणे तिच्यावर धार्मिक भार आहे म्हणून.

हा निकाल ज्या कायद्यावर उभा आहे त्याची जन्मकथा आपल्या मुलांना माहीत हवी. ऑरेगॉन राज्यात मूलनिवासींच्या चर्चमध्ये पेयोटे नावाचे निवडुंग विधीचा भाग म्हणून घेतात. ते घेतले म्हणून दोघा जणांची नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला गेला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. सर्वसाधारण कायद्यातून धर्माच्या नावाने सुटका मागता येणार नाही, असे त्या दुबळ्यांना ऐकवले गेले. यावर देशभर ओरड झाली आणि १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्य पूर्ववत करणारा कायदा झाला. म्हणजे कायदा आला नोकरी गेलेल्या कामगारांच्या दुःखातून, आणि वीस वर्षांनी तो वापरला अब्जाधीश मालकाने, कामगारांच्याच विरुद्ध. धर्मस्वातंत्र्य हा शब्द ऐकला की मी आता पहिल्यांदा बघते, तो मागतोय कोण. ज्याची नोकरी जाते तो, की जो नोकरी देतो तो?

मसुदा लिहिणाऱ्या माझ्या भावाला मला कंपनीचे गणितही विचारायचे आहे. माणूस कंपनी काढतो कशाला? कंपनी बुडाली तर स्वतःचे घर वाचावे म्हणून. कायद्याने कंपनी वेगळी व्यक्ती, मालक वेगळी व्यक्ती. कर्ज बुडाले की "कंपनीने घेतले होते, मी नाही." आणि कामगाराच्या तांबीचा विषय निघाला की "कंपनी म्हणजे मीच, माझा आत्मा दुखावतो." हे दोन्हीकडून खाणे आहे. आत्म्याला पाप लागते, पण कर्ज लागत नाही, असा हा आत्मा.

आणि तत्त्व म्हणाल तर ते किती ताठ होते? ज्या गोळ्यांविरुद्ध कंपनी कोर्टात गेली, त्याच गोळ्या तिच्या विम्यात आधीपासून होत्या. कंपनीच्या स्वतःच्याच अर्जात तसे नमूद आहे. लक्षात आल्यावर काढून टाकल्या, मग दावा लावला. २०१४ च्या एप्रिलमध्ये मदर जोन्स या मासिकाने छापले की कंपनीच्या कर्मचारी-निवृत्ती योजनेतले ७.३ कोटी डॉलरपेक्षा जास्त पैसे अशा फंडांत होते, ज्यांची गुंतवणूक याच गोळ्या, तांबी आणि गर्भपाताची औषधे बनवणाऱ्या कंपन्यांत होती. दुकानातला पुष्कळ माल येतो चीनमधून, जिथे तेव्हा एक मूल धोरणाखाली सक्तीचे गर्भपात होत होते. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. नफ्याच्या वाटेत धर्म आडवा येत नाही, तो बाईच्याच वाटेत येतो.

न्यू जर्सीतल्या एका हॉबी लॉबी दुकानात २०१३ मध्ये एका ग्राहकाने ज्यू सणांचे सामान विचारले. तिथल्या कर्मचाऱ्याचे उत्तर गाजले : तुम्हा लोकांसाठी आम्ही ठेवत नाही. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि त्या भागातल्या दुकानांत ज्यू सणांचे सामान ठेवायला घेतले. "तुम्हा लोकांसाठी" हे शब्द आपल्या कानांना नवीन नाहीत. इलिनॉयमध्ये एक ट्रान्स स्त्री या कंपनीत वर्षानुवर्षे काम करत होती. सरकारी कागदांवर ती स्त्री; कंपनीने तिला स्त्रियांचे स्वच्छतागृह वापरू दिले नाही. हा झगडाही वर्षानुवर्षे चालला आणि २०२१ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने कंपनीने भेदभाव केल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. २ लाख २० हजार डॉलर भरपाईही. पाणवठा असो की शौचालय, कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला नाही यावरूनच माणसाची किंमत ठरवली जाते. महाडची लेकरे आपण, आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

करोना आला तेव्हा मार्च २०२० मध्ये कंपनीने दुकाने चालू ठेवायची धडपड केली. मास्क शिवायला कापड विकतो म्हणून आम्ही अत्यावश्यक, असा दावा. मालकाचे एक पत्र तेव्हा बाहेर आले : पत्नीला प्रार्थनेत देवाकडून मार्गदर्शन मिळाले आहे, अशा अर्थाचे. काही राज्यांनी कडक नोटिसा दिल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला दुकाने बंद झाली आणि बहुतेक दुकान-कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवले गेले. मार्गदर्शन मालकीणबाईंना मिळाले, पण धोका काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पोरींना.

सर्वांत मोठी भानगड पुराणवस्तूंची. ग्रीन कुटुंबाला वॉशिंग्टनमध्ये बायबलचे संग्रहालय उभारायचे होते. ते २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये उघडले. त्यासाठी २००९ पासून धडाक्याने खरेदी सुरू झाली. २०१० मध्ये कंपनीने ५,५०० पुरातन वस्तू १६ लाख डॉलरला घेतल्या. त्याच वर्षी, खरेदीच्या आधी, कंपनीनेच नेमलेल्या तज्ज्ञाने सावध केले होते की असा माल इराकमधल्या स्थळांवरून लुटलेला असू शकतो. तरी व्यवहार झाला. पार्सलांवर लिहिले होते "सिरॅमिक टाइल्स", "मातीच्या टाइल्स, नमुना". साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे लेख, आणि वर चिठ्ठी फरशीची! २०१७ मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड झाली. कंपनीने वस्तू सोडल्या आणि ३० लाख डॉलर भरले. कंपनीचा खुलासा असा की आम्ही या क्षेत्रात नवखे होतो, देखरेख जास्त ठेवायला हवी होती. पुढे गिल्गमेश महाकाव्यातल्या स्वप्नाचा भाग कोरलेली मातीची पाटीही, जी कंपनीने २०१४ मध्ये सुमारे १६ लाख ७० हजार डॉलरला घेतली होती, जप्त होऊन २०२१ मध्ये इराककडे परत गेली. आणि संग्रहालयाकडचे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे सोळा तुकडे २०२० मध्ये तपासले तेव्हा सोळाच्या सोळा बनावट निघाले.

याला आपल्या बाजूने एक धागा आहे. २०२५ च्या मे महिन्यात पिप्रहवाच्या स्तूपातून १८९८ मध्ये निघालेली, बुद्धांच्या अस्थींबरोबर ठेवलेली रत्ने हाँगकाँगमध्ये लिलावाला लागली, तेव्हा आपण किती अस्वस्थ झालो होतो! भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला, जुलैअखेर रत्ने परत आली. ती शेवटी एका उद्योगसमूहाने विकत घेतली. आपल्या तथागतांच्या अस्थींजवळची रत्ने कुणाच्या तरी तिजोरीत वारसाहक्काने पडून असतात, याचा आपल्याला राग येतो. मग इराकी माणसाला त्याच्या पूर्वजांच्या पाट्या नमुना-फरशी म्हणून गेल्याचा राग यायला नको का? धर्मासाठी घेतले म्हणून चोरीचा माल पवित्र होत नाही.

बैठकीत कुणीतरी म्हणाले होते, पण पगार चांगला देतात. देतात, खरे आहे. २०२२ च्या जानेवारीपासून पूर्णवेळ कामगाराला तासाला किमान साडेअठरा डॉलर, जेव्हा देशाचे किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलरवर अडकले आहे. मी या कंपनीची शत्रू नाही, हे मी मान्य करते. पण त्या रविवारच्या सुट्टीकडे पाहा. हॉबी लॉबीचा रविवार मालकाच्या देवाचा आहे, म्हणून मिळतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवार मिळाला तो सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी भांडून मिळवला म्हणून. दिवस एकच. एक मालकाच्या मनात आहे तोवर आहे, दुसरा कामगाराचा आहे.

आता बाबासाहेबांकडे येते, कारण शेवटी कलम सातवाले मित्रही त्यांच्याच नावाने बोलतात.

२९ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत आजच्या अनुच्छेद १५ वर चर्चा चालू होती. धर्म, वंश, जात, लिंग यांवरून कुणालाही दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत मज्जाव करता येणार नाही, असा तो भाग. दुकान म्हणजे काय, त्यात सेवा देणारे येतात का, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : जिथे मालक येईल त्या कुणालाही आपली सेवा द्यायला तयार असतो ते दुकान. शब्द त्यांनी मुद्दाम सैल ठेवला, म्हणजे न्हावी, धोबी, खानावळवाला, कुणीच "मी दुकान नाही" म्हणून निसटू नये. गावात आपल्या आजोबांचे केस कापायला नाही म्हणणारा न्हावीही धर्मच सांगत होता. तो काही खोटे बोलत नव्हता. त्याची श्रद्धा अगदी प्रामाणिक होती! श्रद्धेच्या प्रामाणिकपणावर निकाल द्यायचा तर आपण आजही दुकानाच्या पायरीखालीच उभे असतो.

अमेरिकेतही असा एक मालक होता. दक्षिण कॅरोलिनातल्या पिगी पार्क या खानावळींच्या साखळीचा. काळ्या माणसांना बसून खाऊ देणार नाही, वंशांनी मिसळणे माझ्या धर्माविरुद्ध आहे, असे तो कोर्टात म्हणाला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव उघडच पोकळ म्हणून झटकून टाकला. गिन्सबर्ग यांनी आपल्या विरोधी मतात याच खटल्याची आठवण करून दिली. अलिटो यांनी उत्तर दिले की वंशभेदाला या निकालाची ढाल मिळणार नाही. ठीक. पण लिंगभेदाबद्दल तशी ग्वाही त्यांनी दिली नाही. आणि जातीचे काय? २०२२ मध्ये हिंदू अमेरिकन फाउंडेशनने कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याविरुद्धच दावा लावला, कारण त्या खात्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला होता. तक्रार काय, तर जातीला हिंदू धर्माशी जोडून राज्याने हिंदूंच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला घातला. तो दावा टिकला नाही. पण हत्यार ओळखून ठेवा. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांवर ते उद्या पुन्हा उगारले जाईल.

बाबासाहेबांनी २ डिसेंबर १९४८ च्या भाषणात बजावले होते की या देशातल्या धर्मकल्पना जन्मापासून मरणापर्यंत सगळे आयुष्य व्यापून बसल्या आहेत; धर्माला इतका मोठा अधिकार दिला तर समाजसुधारणेचा कायदा करणेच अशक्य होईल. आणि तांबीचाच मुद्दा असेल तर सांगते, तो आपल्या चळवळीला परका नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब म्हणाले होते की बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तर तिच्या बाळंतपणाचा काही भारही त्याने उचलला पाहिजे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव पडला. पण ज्या काळात हा विषय भल्याभल्यांना अश्लील वाटत होता, त्या काळात आपला नेता म्हणत होता की मूल कधी व्हावे हे ठरवण्याची साधने बाईच्या हातात असली पाहिजेत आणि त्यात सरकारने मदत करावी. आणि त्यांचे नाव घेणारे आपण हॉबी लॉबीला टाळ्या वाजवतो!

त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी आपले दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही केला. ती वृत्ती क्रूस घालून येऊ शकते. माफ करा, ती निळा झेंडा घेऊनही येऊ शकते.

आपल्या देशात हे रोज घडते आहे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खानावळींनी मालकाचे नाव पाटीवर लावावे, असे फर्मान निघाले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. कर्नाटकात शाळेच्या मध्यान्ह भोजनाचा ठेका असलेल्या धार्मिक प्रेरणेच्या संस्थेने कांदा-लसूण घालायला नकार दिला आणि सरकारी पैशाच्या जेवणात लेकरांच्या ताटाचा धर्म ठेकेदार ठरवू लागला. आपण या दोन्हींवर मोर्चे काढतो, लेख लिहितो. मग आपले दुकान निघाले की कर्मचाऱ्याच्या घरातला देव्हारा का शोधायचा?

"ताई, पण बावीस प्रतिज्ञा?" हा प्रश्न येणारच. प्रतिज्ञा बाबासाहेबांनी उभे राहून घ्यायला सांगितल्या, नोकरीच्या अर्जावर सही म्हणून नाही. मी त्या घेतल्या आहेत आणि पाळते. सम्यक आजीविकाही धम्मात आहे : शस्त्रे, विष, नशा, माणसे विकून पोट भरू नये. पण नीट पाहा, ते बंधन कुणावर आहे? विकणाऱ्यावर. आपल्या दुकानात दारू आणि गुटखा नको, ठेवू नका. दिवाळीचा मालच नको, नका ठेवू. मापात पाप नको, बारा तासांची ड्युटी नको, पीएफ बुडवणे नको. धम्माची मालकी दिसायची असेल तर ती पगारपत्रकात दिसू द्या. काउंटरवरच्या बाईच्या घरात नाही.

आमच्या बचत गटात एक बाई आहे. नवरा दारूने गेला. हिशेब तोंडपाठ, माणसांशी बोलणे गोड. दुकानासाठी तिच्याएवढी लायक दुसरी बाई मला दिसत नाही. ती मातंग समाजाची आहे. सासूच्या घरात राहते आणि सासूच्या देव्हाऱ्यात मरीआई आहे. कलम सातप्रमाणे तिला नोकरी नाही. तिला आपण काय सांगणार, आधी सासूशी भांड, घर सोड, मग ये? ती धम्माकडे आली तर आपल्या वागण्याने येईल. पगाराच्या धाकाने आली, तर उद्या जास्त पगार देणारा दुसरा कुणी तिला परत घेऊन जाईल.

येत्या रविवारी विहारात पुन्हा बैठक आहे. कलम सात पूर्ण वगळावे आणि त्या जागी "कर्मचारी आणि ग्राहक यांच्याशी धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव केला जाणार नाही, सर्व कर्मचारी स्त्रियांना प्रसूती रजा पूर्ण पगारी असेल" हे वाक्य घालावे, असा ठराव मी मांडणार आहे. भागाचे पाच हजार बरोबर घेऊन येणार आहे. ठरावाला अनुमोदन देणारे कुणीतरी लागेल. वेळेवर या.